वाळूला ओल हवी, चिकणमातीला ऊन

नदीच्या काठावर कोरडं आणि नदीपासून लांब ओलं. पूरमैदानात, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या नदीकाठच्या सपाटीत, सायकल घालणाऱ्याला सगळ्यात आधी हे उलटं गणित पचवावं लागतं. पूर येतो तेव्हा पात्राबाहेर पडलेल्या पाण्याचा वेग काठावरच मोडतो. वेग मोडला की अंगावरचं जड ओझं आधी खाली पडतं. जाडी वाळू काठालगतच राहते आणि पुरामागून पूर साठत तिथं एक बुटका, लांबट उंचवटा तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात याला पूरतट म्हणतात. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाडा गाळ, त्याच्या पुढे जातो. सगळ्यात बारीक, ०.००२ मिलिमीटरहूनही लहान कणांची चिकणमाती मात्र साचलेल्या संथ पाण्यातून सावकाश तळाशी बसते, ती पार आतल्या लवणात, म्हणजे सखल खोलगटात. नकाशावर नदीला चिकटून जाणारी वाट बघून जो बिचकतो आणि किलोमीटरभर आतली ‘सुरक्षित’ वाट धरतो, तो नेमका रेंद्यात जाऊन अडकतो.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे रोड बाईकचं वाकडं हँडल, त्याखाली ३८ ते ५० मिलिमीटरचे जाड टायर, डिस्क ब्रेक आणि घाटालाही पुरतील असे हलके गिअर. पूरमैदानात चढ जवळपास नसतोच, पूर अडवायच्या बांधावर चढायचे चार-पाच मीटर सोडले तर. तरीही हलका गिअर लागतोच. पुढे पेडलजवळ ४० दाती चकती (चेनरिंग) आणि मागच्या चाकावर ४२ किंवा ४४ दात्यांपर्यंतच्या चकत्यांचा संच (कॅसेट) असला की चाक आणि पेडल जवळपास एकास एक फिरतात, आणि लवणातल्या राडीत तेवढंच झेपतं. पुढे एकच चेनरिंग असण्याचा इथला खरा फायदा म्हणजे चिखल अडकून बसायला पुढचा डिरेलरच (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नसतो.

राखीव पूरमैदानातल्या दोन तासांच्या फेरीत चार तऱ्हेच्या जमिनी लागतात: बांधावरची दाबलेली खडी, वळणाच्या आतल्या अंगाची वाळू, झाडीतला पोयटा आणि लवणातली चिकणमाती. प्रत्येकीचं हवामान वेगळं. वाळूला ओल हवी, चिकणमातीला ऊन. म्हणून ‘आज वाट चांगली आहे का?’ या प्रश्नाला इथं एक उत्तर नसतं. कुठली वाट, एवढंच विचारता येतं.

वाळूचं आधी, कारण तिचं सोपं आहे. नागमोडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात असतं, ते काठ कापत जातं आणि तिथं सरळसोट कडा उभा राहतो. आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि वाळूची, गोट्यांची पुळण टाकतं. वाट या पुळणीवर उतरते तेव्हा रात्री पाऊस पडून गेलेला असेल तर नशीब समजा. ओलसर वाळूत कणाकणामध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो आणि तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. मुलं वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच बांधतात, त्यामागं हेच. चार दिवस ऊन खाल्लेली वाळू पिठासारखी चाकाखालून पळते. तिच्यात शिरायच्या आधीच गिअर एक-दोन पायऱ्या हलका करायचा. आत गेल्यावर बदलायला जाल तर पेडल क्षणभर सैल पडतं आणि तेवढ्यात सायकल थांबते. वजन थोडं मागे, हात सैल, पेडलचा फेर एकसारखा. पुढचं चाक इकडेतिकडे वळवळू लागतं, त्याला वळवळू द्यायचं. हँडल आवळून सरळ करायला गेलं की चाक आडवं होऊन खुपसतं. नजर चाकापुढच्या वाळूवर नको, दहा मीटर पुढे हवी.

चिकणमातीला मात्र वेळ द्यावा लागतो, वाचायलाही आणि लिहायलाही.

लोकांचा समज असा की पाऊस जितका जास्त तितका चिखल वाईट. चिकणमातीचा स्वभाव तसा नाही. अल्बर्ट आटरबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास दाखवलं की पाण्याच्या प्रमाणाप्रमाणे चिकणमातीच्या अवस्था बदलतात: कोरडी असताना टणक, मग मळल्यासारखी मऊ आणि पाणी फार झालं की कालवणासारखी पातळ. त्याने आखलेल्या मर्यादा आजही बांधकामाच्या माती-चाचणीत वापरतात. सायकलवाल्याचा वैरी फक्त मधली अवस्था. भर पावसात चिखल पातळ असतो, टायरवर चढतो आणि फेकलाही जातो. चार दिवसांच्या उन्हानंतर तीच जमीन सिमेंटसारखी वाजते. घात होतो तो या दोहोंमध्ये: पाऊस थांबलेला, आभाळ स्वच्छ, वारा सुटलेला आणि जमीन कणकेसारखी झालेली. नेमका तोच दिवस सगळ्यांना बाहेर पडायला सुंदर वाटतो.

आटरबर्गची एक कसोटी वाटेवर बसूनही करता येते, तीही फुकट. लवणाच्या तोंडाशी सायकल टेकवा. वाटेवरची बोरभर माती उचला आणि तळहातांमध्ये शेवई वळतात तशी वळा. ३ मिलिमीटर जाडीपर्यंत वळता वळता तुटून चुरा झाली, तर माती मऊ अवस्थेच्या खाली आली आहे. खुशाल जा. वळलीच नाही, बोटांतून ओघळली आणि हात माखला, तर ती पातळ आहे. सायकल घाण होईल, पण चाक बहुधा फिरत राहील. आणि ३ मिलिमीटरची लांब, लवचिक, चकचकीत शेवई झाली, तर मागे वळा. ही माती टायरला लागेल, टायरवरच्या मातीला आणखी माती लागेल, आणि शंभर पावलांत चाक फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, गच्च बसेल. तीस सेकंदांचं काम आहे, पण सायकलवर बसलेल्या माणसाला उतरायचा कंटाळा फार.

चाक कसं अडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. टायर आणि फोर्कच्या माथ्यामधली मोकळी जागा, तसंच मागच्या दोन नळ्यांमधली, पेडलजवळची चिंचोळी जागा, ही दोन नरडी. कोरड्या वाटेला प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर जागा चालून जाते. चिकणमातीला १० मिलिमीटरसुद्धा कमीच. माती आधी खाचांत भरते, मग टायर गुळगुळीत दिसू लागतो, मग ‘सर्र सर्र’ असा घासण्याचा आवाज येतो. त्या आवाजाला थांबायचं. न थांबता जोर लावला की मागच्या चाकाबरोबर गवत, काडक्या आणि माती मागच्या डिरेलरच्या दोन छोट्या चकत्यांमध्ये ओढली जातात, चकत्या अडतात, चेन मात्र ओढली जात राहते आणि अख्खा डिरेलर वर-मागे फिरून स्पोकांत घुसतो. हँगर हा डिरेलर फ्रेमला जोडणारा, मुद्दाम मऊ ठेवलेला तुकडा असतो, तो आधी वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. तो वाकतो, कधी तुटतो, कधी सोबत दोन स्पोकही घेऊन जातो. म्हणून आपल्याच फ्रेमचा हँगर जवळ हवा. दुसऱ्याचा बसतोच असं नाही. काही ग्रॅमचं पाकीट जड होतं म्हणून घरी ठेवणारे दहा किलोची सायकल खांद्यावर घेऊन चालत येतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाहून सुटणाऱ्या ‘अनबाउंड’ शर्यतीत २०२३ साली हेच घडलं. ते काही पूरमैदान नव्हे, पण चिकणमाती तीच. सुरुवातीच्या टप्प्यातच शेकडो जण सायकली उचलून चालत होते आणि कित्येकांचे डिरेलर तिथंच मोडले. जाणत्यांच्या खिशात माती खरवडायला रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या होत्या. तशी एक पट्टी जवळ ठेवावी, प्लॅस्टिकची चालेल, धातूची नको, ती फ्रेमचा रंग आणि कार्बन ओरबाडते. आणि अडलेली सायकल ढकलायची नाही. ढकलताना चाक फिरतं आणि आणखी माती गोळा करतं. उचलायची, गवतावर न्यायची, खरवडायची, मग बसायचं.

जाड टायरचा मोह इथं उलटतो. फ्रेममध्ये जास्तीत जास्त ५० मिलिमीटरचा टायर मावत असेल आणि लवणातून जायचं असेल, तर ४० चा बसवावा. टायर बारीक झाला की नरडं मोकळं होतं. सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखलगवतातल्या छोट्या फेऱ्यांच्या, शर्यतीत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपुरतीच असते आणि तरी चिखलात त्यांचं बरं चालतं. अर्थात तिथं सायकल बदलायची सोय असते. तुमच्यामागं धुतलेली सायकल धरून कोणी उभं नसतं. खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असाव्यात, म्हणजे वेग आला की माती फेकली जाते. दाट बारीक खाचांचा टायर बांधावर सुंदर पळतो, लवणात त्याचा लाडू होतो.

हवेचं म्हणाल तर ७५ किलोच्या माणसाला, ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला, बांधावरच्या खडीसाठी पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय ही चांगली सुरुवात. मुळं आणि ओला पोयटा असेल तर दोन्हीकडून चार कमी. वाळूच वाळू असेल तर २२ पर्यंत उतरता येतं, फक्त परत खडीवर आल्यावर पंप काढायचा आळस करायचा नाही. नाहीतर एखादा गोटा टायर दाबून थेट रिमला भेटतो. ४० च्या टायरला हेच आकडे चार-पाचने वाढवायचे. सीलंट, म्हणजे टायरच्या आत ओतायचं भोक बुजवणारं द्रव, प्रत्येक चाकात ६० ते ८० मिलिलिटर आणि ते दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं, कारण ते आतल्या आत सुकतं. काट्याचं भोक ते स्वतः बुजवतं. पुरात वाहून आलेल्या फांदीच्या खुंटाने केलेल्या भोकाला प्लग, म्हणजे भोकात खुपसायचा चिकट तुकडा, लागतो. पूर फांद्याच आणतो असंही नाही, तो काच, तार, खिळे ठोकलेल्या फळ्या सगळं आणतो आणि गाळाखाली झाकून ठेवतो. पूर ओसरल्यावरचा पहिला महिना पंक्चरचा.

निघण्याआधी पाऊस बघणारे पुष्कळ, नदीची पातळी बघणारे थोडे. पूरमैदानाला इथल्या पावसापेक्षा वरच्या अंगाच्या, शेकडो किलोमीटरवरच्या पावसाशी जास्त देणंघेणं असतं. वरच्या मापनकेंद्राचा तीन दिवसांचा आलेख बघावा आणि आकड्यापेक्षा कल बघावा, चढता की उतरता. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा यांच्या मधल्या डोनाउ-आउएन राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९९६) डॅन्यूबची पातळी सात मीटरपर्यंत वरखाली होते. तिथून जाणारा युरोव्हेलो ६ हा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग बराचसा पूरबांधाच्या माथ्यावरून नेलाय, तो काही उगाच नाही. उतरत्या पातळीत आणखी एक फसगत असते. नदी पात्रात परतलेली दिसते, पण पूरतटाच्या पलीकडे लवणात साचलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. नदी खाली गेल्यावरही ते दोन-तीन आठवडे तिथंच बसतं. त्यातून निघालेली वाट वरून सुकलेली, भेगाळलेली दिसते. भेगांच्या खपल्या छान षट्कोनी, फोटो काढण्याजोग्या, आणि खपलीखाली खिरीसारखा गाळ. काठी खुपसून बघावी. काठी सहज वीतभर गेली तर चाकही जाईल.

याच हिशेबातली दुसरी जागा म्हणजे बांधाचा कोरड्या बाजूचा पायथा. नदी चढलेली असली की पाणी बांधाखालून झिरपतं आणि पलीकडे पायथ्याशी वर येतं. आठ दिवसांत थेंब पडलेला नसतानाही तिथली पायवाट ओली लागते. जमिनीतून वाळू घेऊन बुडबुडत वर येणारं पाणी दिसलं, तर सायकलचा विचार बाजूला ठेवून बांधाची देखभाल करणाऱ्यांना कळवावं. बांध आतून पोखरला जातोय याची ती खूण असू शकते.

पाणी ओलांडायचं की नाही, याला सायकलच्या मापांचंच उत्तर आहे. ७०० सी या नेहमीच्या मापाच्या चाकाला ४५ चा टायर असला की धुरा जमिनीपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर येते. लोक धुरेपर्यंतच्या पाण्याला हरकत नाही म्हणतात. पण बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो ती बेअरिंगची जागा, धुरेच्याही सात-साडेसात सेंटिमीटर खाली, २८ सेंटिमीटरवर असतो, आणि खाली आलेलं पेडल जेमतेम ११ वर. बेअरिंगवरची रबरी झाकणं उडालेलं पाणी अडवतात, बुडवून ठेवलेलं नाही. तेव्हा साचलेलं, तळ दिसणारं, घोट्याएवढं पाणी ही मर्यादा. वाहतं गढूळ पाणी असेल तर मर्यादा वगैरे काही नाही, परत फिरायचं. जोराच्या प्रवाहात १५ सेंटिमीटर पाणीही उभ्या माणसाचे पाय उचलतं, आणि सायकल आडवी धरलेली असेल तर ती शिडासारखी प्रवाह अंगावर घेते.

बांधावर चिखल नसतो, वारा असतो. माथ्यावर ना झाड ना आडोसा. जाताना समोरचा वारा घ्यावा, येताना पाठीचा. उलट केलं की पाय दमल्यावर शेवटचे दहा किलोमीटर संपतच नाहीत. आडवा वारा असेल तर आडोशाच्या बाजूला पायथ्याची वाट धरावी, पाझराची आठवण ठेवून. नेदरलँड्समध्ये नदीलगत बुटका उन्हाळी बांध आणि मागे उंच हिवाळी बांध अशी जोडी असते, मधलं कुरण पुरासाठी सोडलेलं. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर, ज्यातल्या दुसऱ्यात सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं, त्यांनी बांध नुसते उंच करत न बसता तीसहून अधिक ठिकाणी नदीलाच जागा करून दिली. सायकलवाल्यांना त्यातून काय मिळालं, तर काही ठिकाणी मोकळे सोडलेले घोडे आणि गुरं चरतात अशी रानं. त्यांच्यापासून २५ मीटर लांब राहायचं आणि कळपाच्या मधून, विशेषतः आई आणि वासराच्या मधून, कधीच जायचं नाही.

फळ्यांचे पूल, मुळं, जनावरं अडवायच्या लोखंडी जाळ्या, तिन्हींचा नियम एक: काटकोनात, न झुकता, ब्रेक न लावता. शेवाळलेल्या फळीवर पुढचा ब्रेक नुसता आठवला तरी माणूस पडतो. पूरमैदानातल्या झाडांची मुळं उथळ पसरतात, खाली पाणी भरलेलं असल्यामुळे त्यांना खोल जाऊन श्वास मिळत नाही. म्हणून इथं वाटेवर मुळं जास्त.

पुळणीवर वाट सोडून दोन हातही बाहेर जायचं नसतं, त्याचं कारण अंड्याएवढं आहे. कंठेरी चिखल्या हा मुठीएवढा पक्षी घरटं म्हणून गोट्यांमध्ये नुसता खळगा करतो आणि त्यात चार अंडी घालतो, निमुळती टोकं आत करून. अंड्यांवर गोट्यांसारखेच राखाडी-बदामी ठिपके. तीन-साडेतीन आठवडे ती उघड्यावर असतात. सायकलवरून ती दिसणं जवळपास अशक्य, टायरखाली आलेली कळणंही अशक्य. मात्र एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळू लागला, तर ते नाटक आहे: घरटं जवळ आहे आणि तो तुम्हाला भलतीकडे नेतोय. थांबून फोटो काढत बसू नका. आलात त्याच वाटेवर मागे फिरा. टिटवी नाटक कमी करते, आरडाओरडा जास्त. अर्थ तोच. विणीच्या हंगामात बंद केलेल्या वाटा याच कारणासाठी बंद असतात, आणि पाटीवर तारखा नसल्या तरी बंद म्हणजे बंद.

डबक्याला वळसा घालणं ही दुसरी सवय मोडावी लागते. एकाने डावीकडून वळसा घातला, दुसऱ्याने त्याच्याही डावीकडून, असं करत हातभर वाट दहा हात रुंद होते आणि तेवढं गवत मरतं. तळ टणक असेल तर मधून जायचं, नसेल तर उतरून. मागे वळून आपल्या चाकाची रेघ बघावी. बोटाच्या एका पेराएवढी खोल उमटत असेल, तर ती वाट आज आपली नाही. ती रेघ पुढच्या पावसात पाट होते आणि वाटेवरचं पाणी त्यातूनच वाहू लागतं.

परतल्यावरचं काम चिखल ओला असतानाच करावं. जोराचा फवारा मारला की पोयटा रबरी झाकणांच्या आत जातो. साधी बादली, मऊ ब्रश आणि वरून सोडलेलं पाणी पुरे. पोयटा बोटांत चोळून बघा, पिठासारखा लागतो. तरीही चेनच्या तेलात तो मिसळला की चेन आणि दाते दोन्ही घासत राहतो. चेन पुसून, धुऊन, वाळवून मगच तेल, तेही आतल्या अंगाला प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि वरचं पुसून टाकायचं. अकरा-बारा गिअरवाल्या सायकलची चेन मापकावर ०.५ टक्के वाढली की बदलावी, नाहीतर कॅसेटही सोबत जाते. ब्रेकचे रेझिनचे पॅड एका ओल्या, पोयट्याच्या फेरीत अर्धे झिजू शकतात. घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की संपले. चिखलासाठी धातूमिश्रित पॅड बरे, थोडे किंचाळतात एवढंच.

दुसऱ्या नदीला जाणार असाल तर धुण्यावर भागत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते अंगाला लागलेल्या ओलीतून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. तिथला नियम असा की वस्तू हाताला पूर्ण कोरडी लागल्यानंतर आणखी ४८ तास तशीच वाळवायची. सायकलवर ओल टिकते ती न दिसणाऱ्या जागी: बुटाच्या तळव्यात, खोगिराखालच्या पिशवीत, बाटलीच्या पिंजऱ्यामागे, पेडलच्या क्लिपमध्ये. खोगिराचा दांडा काढून सायकल उलटी धरली की फ्रेममध्ये शिरलेलं पाणी गळतं. बॉटम ब्रॅकेटखाली निचऱ्याचं बारीक भोक असेल, तर ते काडीने मोकळं करावं. बहुतेक वेळा ते त्याच लवणातल्या, आता दगड झालेल्या मातीने बुजलेलं सापडतं.